उपेक्षेची फिर्याद

हर्मन मेल्व्हिल ह्या अमेरिकन कथा-कादंबरीकाराचे आणि आपल्या परभणीच्या बी. रघुनाथांचे नाव एका दमात घेणे पुष्कळांना धारिष्ट्याचे वाटेल. ते धारिष्ट्य माझे नव्हे. नांदेडच्या वजिराबाद भागातील एका ओसरीवर, माझ्यासमक्ष, दोन गृहस्थांनी ते केले आणि मी केवळ श्रोता होतो, हे आरंभीच नमूद केलेले बरे. ह्या दोघांपैकी एक इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सारे गाव 'सर' म्हणते. आणि दुसरे त्यांचेच जुने विद्यार्थी, आता लातूरच्या न्यायालयात वकिली करणारे, परंतु पक्षकाराच्या कामासाठी नांदेडला येणे झाले की सरांची भेट घेतल्यावाचून परतीची गाडी न धरणारे. सर त्यांना एकेकाळी 'अरे-तुरे' करीत असतील. आता काळ्या कोटाचा मान राखून 'वकीलसाहेब' म्हणतात, आणि वकीलसाहेबही त्या संबोधनाने संकोचल्यासारखे करून मनातून सुखावतात.

वादाचे मूळ होते मेल्व्हिलची 'बार्टल्बी' ही दीर्घकथा. वॉल स्ट्रीटवरच्या एका वकिलाच्या कचेरीत नकलनवीस म्हणून राहिलेला एक फिकट, अबोल इसम काही दिवस इमानेइतबारे नकला करतो आणि मग एके दिवशी, जराही आवाज न चढवता, अत्यंत सौजन्याने काम करण्याचे नाकारू लागतो. प्रथम नकला ताडून पाहण्याचे, नंतर नकला करण्याचे आणि शेवटी कचेरी सोडून जाण्याचेही. ही कथा सांगणारा तो वकीलच आहे, आणि म्हणूनच बहुधा आमच्या वकीलसाहेबांनी ती एका बैठकीत वाचून काढली होती.

"सर," ते म्हणाले, "ही कथा मेल्व्हिलचे आत्मचरित्र आहे. एवढा मोठा लेखक न्यूयॉर्कच्या बंदरात, आपल्याकडे निजामी अमलात ज्याला करोडगिरी म्हणत त्या जकात खात्यात, एकोणीस वर्षे निरीक्षकाची चाकरी करत राहिला, आणि १८९१ साली वारला तेव्हा त्याच्या नावाची आठवण असलेले वाचक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आता ह्याच्या शेजारी आपले बी. रघुनाथ ठेवा. तामिरातीत, म्हणजे बांधकाम खात्यात, कारकुनी. अंगावर सदैव दप्तराचा बोजा. आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिशीत, कचेरीत काम करता करताच मृत्यू. कादंबऱ्या लिहिल्या, कथासंग्रह लिहिले, 'अलकेचा प्रवासी'सारखे ललित लेखन केले. आणि पुण्या-मुंबईच्या समीक्षेने त्यांच्या वाट्याला काय दिले? वाङ्मयेतिहासातील एक परिच्छेद, तोही कवी म्हणून! मेल्व्हिलला अमेरिकेने निदान मरणोत्तर न्याय दिला. आमची फिर्याद अजून दाखलसुद्धा करून घेतलेली नाही."

सर काही वेळ चष्मा पुसत राहिले. ज्यांनी त्यांना वर्गात पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की हा चष्मा पुसणे म्हणजे प्रतिपक्षाची बाजू तपशिलात मोडून काढण्याची पूर्वतयारी असते.

"वकीलसाहेब, तुमच्या पहिल्याच मुद्द्यावर तारखेची हरकत आहे," ते म्हणाले. "'बार्टल्बी' मासिकात छापली गेली १८५३ साली; मेल्व्हिल जकात खात्यात लागला १८६६ साली. मधली तेरा वर्षे तुम्ही कोणत्या कलमाखाली माफ करता? लेखकाच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्याला ठाऊक असतो आणि मग त्याच्या पूर्वार्धातील लेखनावर आपण त्याची छाया पाडून मोकळे होतो. हीच लबाडी, क्षमा करा, पण हीच लबाडी आपण मराठवाड्यातल्या माणसांनी बी. रघुनाथांच्या बाबतीत केली आहे. टेबलावर मान टाकलेला तो कारकून आपल्याला इतका पाठ झाला आहे, की त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल' ह्या संग्रहांत काय लिहिले ते पाहण्याची निकड कुणाला भासतच नाही. त्यांच्या कथांपेक्षा त्यांचा मृत्यू अधिक वाचला गेला आहे."

वकीलसाहेबांनी तारीख मान्य केली. मुद्दा मान्य केला नाही. त्यांचे म्हणणे असे की, लेखकाच्या जीवनाविषयी सहानुभूती उत्पन्न झाल्यावाचून त्याचे पुस्तक कुणी उघडत नाही, आणि बंद पुस्तकाची गुणवत्ता कोणत्याही न्यायासनापुढे शाबीत होत नाही. ह्यावर सरांनी मेल्व्हिलचे प्रकरण मुळापासून उलगडायला घेतले, आणि मला स्वतःला त्या सायंकाळचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटला.

मेल्व्हिल हा आरंभापासून उपेक्षित लेखक नव्हताच, असे त्यांनी सांगितले. १८४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'टाइपी' ह्या दक्षिण समुद्रातील अनुभवांवरील पुस्तकाने तो एकदम लोकप्रिय झाला. नरभक्षकांमध्ये राहून आलेला खलाशी म्हणून त्याचे कौतुक झाले. वाचकांना त्याच्याकडून तशीच पुस्तके हवी होती. १८५१च्या ऑक्टोबरात लंडनला 'द व्हेल' ह्या नावाने तीन खंडांत, केवळ पाचशे प्रतींची, आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कला 'मोबी डिक' ह्या नावाने अशी त्याची महान कादंबरी निघाली. पण लंडनच्या आवृत्तीत पुष्कळ काटछाट झाली होती, आणि सर्वांत मोठा घात म्हणजे तिचे भरतवाक्यच छापायचे राहून गेले होते. कथा सांगणारा इश्मेल बुडालेल्या जहाजातून वाचला, हे ज्या दोन-चार परिच्छेदांत कळते तेच गायब! तेव्हा लंडनच्या टीकाकारांनी विचारले की, सर्वांना जलसमाधी मिळाली तर ही हकीकत सांगितली कुणी. आणि लेखकाला कथनाचे प्राथमिक नियमही ठाऊक नाहीत, असा ठपका ठेवला. त्यांच्या हाती पडलेल्या प्रतीवरून तो ठपका गैर नव्हता.

"आता पुढचे ऐका," सर म्हणाले. "न्यूयॉर्कच्या आवृत्तीत भरतवाक्य जसेच्या तसे होते. अमेरिकेतल्या संपादकांनी ती आवृत्ती उघडून शेवटचे पान पाहिले असते तरी भागले असते. पण काहींनी लंडनचे अभिप्रायच उचलून आपल्या पत्रांत छापले. स्वतःच्या देशातला लेखक, स्वतःच्या देशात छापलेले पुस्तक, आणि त्याविषयीचे मत मात्र समुद्रापलीकडून मागवलेले! बरे, मेल्व्हिलने ह्याची सूचना एक वर्ष आधीच देऊन ठेवली होती. १८५०च्या ऑगस्टमध्ये हॉथॉर्नच्या कथांवर त्याने टोपणनावाने एक लेख लिहिला, आणि त्यात अमेरिकन वाचकांना बजावले की आपल्या लेखकांची किंमत ठरवण्यासाठी इंग्लंडच्या तोंडाकडे पाहू नका. आपण नांदेडला बसून पुण्याचे मासिक काय म्हणते ह्याची वाट पाहतो, तेव्हा मला हा लेख आठवतो. पुण्याने दुर्लक्ष केले हे खरे असेल. परंतु परभणीने, नांदेडने, लातूरने वाचून, वाद घालून, ह्या कादंबरीत हे साधले आहे आणि ते फसले आहे, असा निवाडा दिल्याचे कागद कुठे आहेत?"

"कागद कुठून असणार?" वकीलसाहेब उसळून म्हणाले, आणि येथून पुढे त्यांचे बोलणे खरोखर ऐकण्याजोगे झाले. "सर, आपण त्या काळाची हद्द विसरता. बी. रघुनाथ जन्मले १९१३ साली आणि वारले १९५३ साली. ह्या चाळीस वर्षांतला एक दिवसही ते पुण्या-मुंबईच्या राज्यात राहिले नाहीत. पस्तीस वर्षे निजामाचा अंमल. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, पण हैदराबाद राज्य राहिलेच, आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. दरबारची भाषा उर्दू, दप्तराची उर्दू, उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. जाहीर सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ ह्या निजामी परिपत्रकाचा अडथळा. मराठी पुस्तके काढणारे मोठे प्रकाशक, मराठी मासिके, मराठीचे परीक्षक, सारे सरहद्दीपलीकडे. मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला स्थापन झाले १९५८ साली. मग मला सांगा, त्यांचा वाचक कुठे होता? अमेरिकेने लंडनकडे पाहिले हा तिचा न्यूनगंड; तिच्याकडे छापखाने होते, वर्तमानपत्रे होती, वाचायला शिकलेला लाखोंचा समाज होता. आमच्याकडे पाहायला पुण्याखेरीज दुसरी दिशाच नव्हती. मेल्व्हिलची बडतर्फी झाली, बी. रघुनाथांची नेमणूकच झाली नाही. ह्या दोन मुकदम्यांत फरक आहे आणि तो आमच्या बाजूचा आहे."

मी सरांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, आणि ती रुकाराची होती. नेमणूक आणि बडतर्फीचा भेद त्यांना पटला होता; तरीही त्यांनी एक प्रतिउदाहरण पुढे ठेवले, आणि नांदेडात बसून ते ठेवणे अपरिहार्यच होते. ते म्हणाले की ह्याच गावात, पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी पुण्या-मुंबईला आपले ऐकायला लावले. रणजित देसायांच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून त्यांचे दीर्घ पत्रच जोडले गेले, आणि मराठी कादंबरीचा त्यांनी 'धार आणि काठ'मध्ये घेतलेला झाडा कुणालाही टाळता आला नाही. मग प्रांत मागासलेला, सरहद्द बंद, ही सबब कुठवर टिकते?

वकीलसाहेबांचे उत्तर तयारच होते. कुरुंदकरांचा लेखनकाळ हा सरहद्द मिटल्यानंतरचा. शिवाय ते वक्ते होते, आणि व्याख्यान रेल्वेत बसून गावोगाव जाते, पण कारकुनाला रजा मंजूर होत नाही. "आणि सर," ते जरा हसून म्हणाले, "कुरुंदकर समीक्षक होते. समीक्षकाला केंद्रात बसलेले लोक भितात म्हणून वाचतात. कथाकाराला कोण भितो?" ह्या शेऱ्यात तथ्य किती आणि वकिली किती हे मी ठरवू शकलो नाही, पण हा शेरा चुकीचा आहे असे सिद्ध करण्याचा प्रयत्न सरांनीही केला नाही, एवढे खरे.

येथे प्रस्तुत लेखकाला आपले एक निरीक्षण मध्येच घालण्याचा मोह आवरत नाही. बी. रघुनाथांच्या कीर्तीची जी वाटणी झाली आहे ती मेल्व्हिलच्या अगदी उलट आहे. मेल्व्हिलने उत्तरायुष्यात जवळजवळ केवळ कविता लिहिली. त्याचे 'क्लॅरेल' हे प्रचंड काव्य १८७६ साली एका मामाने दिलेल्या पैशातून छापले गेले आणि तीन वर्षांत त्याच्या शिल्लक प्रती लगदा करण्यासाठी रवाना झाल्या. आज त्याचा गद्यकार म्हणून जयजयकार होतो आणि कवितेकडे अभ्यासकांखेरीज कुणी फिरकत नाही. आपल्याकडे मात्र 'आज कुणाला गावे' ही बी. रघुनाथांची कविता पुष्कळांना ठाऊक असते, 'आलाप आणि विलाप' ह्या १९४१च्या संग्रहाचे नाव काहींना ठाऊक असते, आणि 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे' ही नावे उच्चारली की समोरचा गृहस्थ विनयाने विषय बदलतो. कविता अल्पाक्षरी असते. ती हस्तलिखितातून, गायनातून, पाठांतरातून सरहद्द ओलांडू शकते. कादंबरीला मात्र कागद, छापखाना, विक्रेता आणि ग्रंथालय लागते, आणि ह्यांपैकी एकही कडी तुटली की तिचे अस्तित्व सूचीपुरते उरते. वकीलसाहेब ज्याला अन्याय म्हणतात त्याचा बराचसा भाग, मला वाटते, टीकाकारांच्या हेतूपेक्षा ह्या वितरणाच्या साखळीत शोधला पाहिजे. मेल्व्हिलचेही तसेच झाले होते. १८५३च्या डिसेंबरात त्याच्या प्रकाशकांच्या, हार्पर बंधूंच्या, इमारतीला आग लागली आणि त्याच्या पुस्तकांचा शिल्लक साठा जळाला. आणि अमेरिकेत 'मोबी डिक'च्या त्याच्या हयातीत एकूण खपलेल्या प्रती तीन हजार दोनशेच्या आसपासच राहिल्या. जळालेल्या पुस्तकाची उपेक्षा कुणी मुद्दाम करावी लागत नाही.

मी हे बोलून दाखवले तेव्हा सर म्हणाले, "म्हणूनच प्रश्न असा आहे की पुस्तक पुन्हा हाती कोण देतो. मेल्व्हिलच्या बाबतीत तो माणूस होता रेमंड वीव्हर. १९१९ साली मेल्व्हिलची जन्मशताब्दी आली आणि कोलंबिया विद्यापीठातल्या ह्या तरुण अध्यापकाला एका नियतकालिकासाठी शताब्दीचा लेख लिहायला सांगण्यात आले. त्याने वाचायला सुरुवात केली आणि तो गुंतत गेला. मेल्व्हिलच्या नातीने आजोबांचे कागद त्याच्यापुढे ठेवले, त्यांत 'बिली बड' ह्या अप्रकाशित कथेचे हस्तलिखित निघाले. १९२१ला वीव्हरने चरित्र लिहिले, १९२४ला 'बिली बड' छापली. दरम्यान इंग्रज कादंबरीकार लॉरेन्सने १९२३च्या आपल्या ग्रंथात मेल्व्हिलवर झपाटल्यासारखे लिहिले. ह्या पाच वर्षांत निकाल फिरला. वकीलसाहेब, शताब्दी मेल्व्हिललाही आली आणि २०१३ साली बी. रघुनाथांनाही आली. परभणीला त्यांच्या नावाचे सभागृह आहे, दर ७ सप्टेंबरला त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, आणि ह्या सर्वांविषयी मला आदर आहे. पण पुरस्काराने नव्या लेखकाचा सन्मान होतो. जुन्या लेखकाच्या पानापर्यंत त्यातले कितीजण पोहोचतात? आपल्याला वीव्हर मिळालेला नाही, आणि तो पुण्याहून यावा अशी अपेक्षा करण्याचे काहीएक कारण मला दिसत नाही."

"तो आपणच का होऊ नये?" वकीलसाहेबांनी विचारले.

सरांनी हा प्रश्न अपेक्षिला असावा, कारण त्यांनी ताबडतोब फॉक्नर ह्या अमेरिकन कादंबरीकाराचे नाव काढले. १९४५च्या सुमारास फॉक्नरची बहुतेक पुस्तके बाजारातून नाहीशी झाली होती. १९४६ साली माल्कम काउली ह्या टीकाकाराने त्याच्या लेखनातून निवडक भाग घेऊन, त्यातला सारा मिसिसिपीचा मुलूख एका सूत्रात दिसेल अशा बेताने एक खंड सिद्ध केला, आणि त्या एका खंडाने वाचकांना वाट दाखवली. १९४९चे नोबेल पारितोषिक फॉक्नरला मिळाले. सरांचे म्हणणे असे की बी. रघुनाथांच्या कथा-कादंबऱ्यांतूनही तीनशे-साडेतीनशे पानांची अशीच निवड व्हावी, आणि तिच्या प्रस्तावनेत गुणांबरोबर दोषही निर्भीडपणे मांडावेत: कवीची भाषा गद्यात आली की ती कधीकधी प्रसंगाला पुढे सरकू देत नाही, पात्र बोलू लागण्याआधीच लेखक त्याच्या वतीने बोलून जातो, आणि रोजच्या चाकरीतून चोरलेल्या वेळात लिहिल्याची घाई पानापानावर जाणवते. "हे लिहिल्यावाचून त्यांच्या निजामी मुलखातील माणसांचे, त्या सरंजामी वाड्यांचे आणि त्या उर्दू-मराठी सरमिसळीच्या कचेऱ्यांचे जे मोल आहे ते कुणी खरे मानणार नाही. स्तुतीच्या दस्तावर साक्षीदाराची सही लागते, आणि दोष दाखवणारा टीकाकारच तो साक्षीदार असतो."

वकीलसाहेबांना निवडच मंजूर नव्हती. निवड म्हणजे निकालानंतर पुरावा सादर करणे, असे त्यांचे मत. आणि त्यांनी सरांच्याच उदाहरणावर बोट ठेवले. वीव्हरने हस्तलिखितावरून लावलेला 'बिली बड'चा पाठ सदोष होता आणि हेफर्ड व सील्ट्स ह्या दोन अभ्यासकांनी मूळ कागद ताडून विश्वसनीय पाठ सिद्ध केला तो १९६२ साली, म्हणजे अडतीस वर्षे जग चुकीच्या नकलेवर मत देत राहिले. "अस्सल दस्त संपूर्ण हजर करा," ते म्हणाले. "बऱ्यावाइटासकट सर्व कादंबऱ्या, सर्व कथासंग्रह. काय उत्तम ते वाचक ठरवील. आपण, मी किंवा पुणे, कुणीच आधी चाळणी लावायची नाही."

"आणि ते आठ-दहा खंड ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद राहतील," सर म्हणाले. "समग्र साहित्य ही मराठीत अंत्यसंस्काराची एक प्रतिष्ठित पद्धत आहे."

ह्या वाक्यावर आम्ही तिघेही हसलो, पण वकीलसाहेब लवकर सावरले. शेवटी त्यांनी तडजोडीचा मसुदा मांडला: निवड व्हावी, प्रस्तावना सरांनी लिहावी, दोष हवे तेवढे दाखवावेत, मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेली 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी तीत अखंड असावी, उताऱ्यांत नव्हे. सरांनी उलट अट घातली की कादंबरीऐवजी 'काळी राधा' आणि 'आकाश' ह्या संग्रहांतील कथांना अग्रस्थान मिळावे, कारण नवा वाचक कथेतून आत येतो. आणि आपल्या प्रस्तावनेत 'उपेक्षित' हा शब्द एकदाही येणार नाही.

"तो शब्द काढलात तर वर्गणी कोण देईल, सर?" वकीलसाहेबांनी विचारले.

सरांनी कागद पुढे ओढला आणि कादंबरी अखंड घेतली तर कथांसाठी किती पाने उरतात ह्याचा हिशोब मांडायला घेतला. तो जमेना. साडेतीनशेची मर्यादा चारशेवर नेण्यास ते राजी नव्हते, चौधऱ्यांना हात लावू देण्यास वकीलसाहेब राजी नव्हते, आणि लातूरची गाडी निघून गेल्याचे दोघांच्याही लक्षात आले नव्हते.